पहाटेची ट्यून आणि गुरुवारची मैफल

मित्रांनो, सबमिशनच्या धामधुमीत तुम्ही हा लेख वाचताय, म्हणजे एकतर तुमची फाइल पूर्ण झालेली आहे, नाहीतर ती पूर्ण होईल ही आशा तुम्ही सोडलेली आहे. दोन्ही अवस्थांत माणूस शांतपणे संगीत ऐकू शकतो, म्हणून हा प्रपंच.

संपादक मंडळातल्या मुली माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, मराठी विभागात दरवर्षी कविता, प्रवासवर्णन आणि 'आई' यावरचा लेख असतो. तुम्ही काहीतरी समजावून सांगणारं लिहा." मी विचारलं, "विषय?" तर म्हणाल्या, "तुम्ही रात्री लॅबमध्ये ते जे काय लावून बसता, ते काय असतं?" आता प्रश्न सरळ होता आणि उत्तर लांबलचक. ते व्हायवात देता येत नाही, म्हणून लिहून देतोय.

माझं गाव मुरबाड तालुक्यातलं. बाबांचं मुरबाडच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि भिंतीला टांगलेले पंधरा-वीस उघडे रेडिओ. सरळगाव, टोकावडे, धसईकडून लोक एसटीने येताना पिशवीत रेडिओ घेऊन यायचे. म्हसाच्या जत्रेच्या आधी गर्दी जास्त, कारण जत्रेत चार पैसे यायचे आणि घरात रेडिओ वाजता हवा असायचा. दुरुस्त झालेले सेट बाबा संध्याकाळी घरी आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबई केंद्र सुरू व्हायच्या आधी लावून ठेवायचे. आधी नुसती खरखर. मग ती ट्यून. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांना विचारा, ते लगेच गुणगुणून दाखवतील. मागे तानपुरा आणि त्याच्यावर सावकाश चढत-उतरत जाणारं व्हायोलिन.

बाबांसाठी ती ट्यून म्हणजे टेस्ट सिग्नल होता. तानपुऱ्याचा गुंजारव भरीव आला तर खालचा आवाज ठीक. व्हायोलिन वर जाताना फाटलं नाही तर स्पीकर ठीक. मधेच आवाज घसरला तर ट्यूनिंगचा दोरा सैल. एवढ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात बाबा निकाल द्यायचे, "पास" किंवा "केटी". (केटी हा शब्द मी त्यांना शिकवला, आणि तो घरात कसा आला हे सांगायला नको.) ती ट्यून कुणी बांधली हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. सूर्य कुणी बांधला असं कुणी विचारतं का?

ते मला कळलं ते नोकरीला लागल्यावर, एका लेखात. या ट्यूनचं श्रेय सर्वसाधारणपणे ज्याला दिलं जातं तो माणूस म्हणजे वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, कार्ल्सबाद, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. ज्यू घराणं. बर्लिन आणि प्राग इथे संगीताचं शिक्षण. लग्न झालं ते फ्रान्झ काफ्का या लेखकाच्या भाचीशी. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू संगीतकारांना तिथे काम मिळेनासं झालं. १९३४ च्या सुरुवातीला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हा माणूस बोटीने मुंबईत उतरला. ना इथली भाषा येत होती, ना ओळखीपाळखी.

त्याने काय करावं? काही महिन्यांतच त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. स्वतः पियानोवर, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ व्हेर्गा. मेहली मेहता म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील. त्यांनीच १९३५ मध्ये 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' सुरू केला. १९३७ च्या मे महिन्यापर्यंत कॉफमनच्या सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत १३६! आपल्या गॅदरिंगला एक कार्यक्रम बसवताना काय होतं ते आठवा, म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

१९३७ पासून १९४६ पर्यंत तो ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. ट्यून मात्र त्याआधीची, १९३६ च्या सुमाराची मानली जाते, आणि तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं असावं असंही मानतात. राग शिवरंजनी. सा, रे, कोमल ग, प, ध एवढे पाचच स्वर. म्हणजे युरोपातून परागंदा झालेला एक माणूस, एक पारशी व्हायोलिनवादक आणि आपला एक राग, यांतून जे निघालं त्यावर माझे बाबा मुरबाडमध्ये रेडिओ पास-नापास करत होते. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बाबांना फोन करावासा वाटला, पण ते नवाला झोपतात.

आता मूळ मुद्दा. कॉफमनबद्दल वाचल्यावर त्याचं बाकीचं संगीत शोधलं. त्याने मुंबईत नुसती ट्यून नाही केली, स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिन सोनाटा, रेडिओसाठी 'अनसूया' नावाचा ऑपेरासुद्धा लिहिला. त्यातलं बरंचसं अनेक वर्षं कुणी वाजवलंच नाही. त्याची हस्तलिखितं अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पडून होती, कारण तो पुढे तिथे प्राध्यापक झाला. २०२० साली टोरांटोच्या 'एआरसी एन्सेंबल' या गटाने त्यातल्या काही रचनांचं ध्वनिमुद्रण काढलं. त्यात त्याचं अकरावं स्ट्रिंग क्वार्टेट आहे. ते मी मोबाइलवर घेतलं आणि कसारा लोकलमध्ये, कल्याणपासून आसनगावपर्यंत, कानात इअरफोन घालून ऐकलं.

खरं सांगू? काही कळलं नाही. सुरुवात बरी वाटली, मग चार वाद्यं एकमेकांत घुसली आणि टिटवाळ्याच्या पुढे मी चक्क झोपलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, सोडा ना. हे साऊथ बॉम्बेवाल्यांचं असतं. आपल्याला कशाला?" त्याचं बोलणं मला लागलं, कारण मीही मनात तेच म्हणत होतो. आणि त्यात तथ्यही आहे. त्या जिमखान्यात माझ्या आजोबांना सहज आत घेतलं असतं असं मला वाटत नाही. आपल्या शहापूर तालुक्याचं पाहा. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याच पाड्यांवर हंडे घेऊन बायका टँकरची वाट बघतात. मुंबईचं आणि आपलं नातं हे असं एकतर्फी. तेव्हा 'ते त्यांचं, आपलं नाही' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण एक गोष्ट मात्र उलट्या दिशेनेही आली. जिमखान्याला दार होतं, रेडिओला नव्हतं. मुंबईहून निघालेली लहर माहुलीचा किल्ला ओलांडून, सिद्धगडाच्या पायथ्याच्या घरापर्यंत फुकट यायची. ती आपण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं ऐकली. मग त्याच माणसाचं बाकीचं संगीत 'आपलं नाही' कसं?

आणि इथेच कॉफमनची एक गोष्ट मला उपयोगी पडली. त्याने पहिल्यांदा भारतीय संगीत ऐकलं तेव्हा त्यालाही ते परकं आणि न कळणारं वाटलं होतं. पण त्याने विचार असा केला की, लाखो शहाण्यासुरत्या माणसांना हे आवडतं, तर दोष संगीतात नसणार, माझ्यात असणार. मग ज्या मातीतलं ते आहे तिथे जाऊन शिकलं पाहिजे. आणि तो खरंच शिकला. पुढे १९६८ साली त्याने उत्तर भारतीय रागांवर मोठा ग्रंथ लिहिला, १९७६ मध्ये दक्षिणेतल्या रागांवर. मी म्हटलं, त्याने आपल्यासाठी एवढं केलं, तर आपण त्याच्यासाठी वीस मिनिटं जागं राहायला काय हरकत आहे?

मग मी पद्धतशीर ऐकायला लागलो. जे समजलं ते सोप्यात सांगतो.

पहिली गोष्ट, चेंबर म्युझिक म्हणजे काय? चेंबर म्हणजे खोली. खोलीत बसून दोन ते आठ-नऊ जणांनी वाजवायचं संगीत, प्रत्येकाची ओळ वेगळी. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. सिंफनी म्हणजे हेच मोठ्या प्रमाणावर, साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त वादक, एकेक ओळ दहा-पंधरा जण मिळून वाजवतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर क्वार्टेट म्हणजे चार रूममेट्सची रात्री दोन वाजताची चर्चा आणि सिंफनी म्हणजे मेसमधला संप. दोन्हींत विषय तोच असू शकतो, आवाज वेगळा.

रूममेट्सची चर्चा आपण कशी ऐकतो? एक विषय काढतो, दुसरा तोच विषय आपल्या पद्धतीने उचलतो, तिसरा मधेच "पण" म्हणतो, चौथा आडवा पडून नुसता हुंकार भरतो आणि शेवटी तोच सगळ्यांना गप्प करतो. क्वार्टेटमध्ये हुंकार भरणारा बहुतेक वेळा चेलो असतो. माझी चूक अशी होत होती की, मी चौघांचं एकदम ऐकायला जात होतो. युक्ती सोपी आहे. पहिल्या खेपेला फक्त चेलो धरा. दुसऱ्या खेपेला फक्त पहिलं व्हायोलिन. तिसऱ्या खेपेला सोडून द्या, आपोआप सगळं ऐकू येतं. आपल्या गावच्या भजनात हे आपण रोज करतो. बुवांची ओळ, टाळकऱ्यांची ओळ, पखवाज, पेटी, कुणी आपल्याला शिकवलं नाही तरी आपल्याला कळतं की पखवाजवाल्याने आता उठाण घेतली. तो कान तयार आहे. त्याला फक्त नव्या घरी न्यायचं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या संगीतात 'सा' हलत नाही. तानपुरा सुरू झाला की मैफल संपेपर्यंत तो तिथेच. इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी सांगतो, सा म्हणजे आपला अर्थिंगचा पॉइंट, बाकी सगळे स्वर त्याच्या तुलनेत मोजायचे. पाश्चात्त्य संगीतात मात्र चालू रचनेत सा जागा बदलतो. दोन मिनिटं एका सुरात घर, मग हळूच सामान उचलून दुसऱ्या सुरात बिऱ्हाड, तिथून तिसऱ्या. आपण पहिल्या घराच्या दारात उभे, आणि वादक केव्हाच पुढच्या गल्लीत! मला झोप लागायची ती इथे. हे कळल्यावर ऐकण्यातली गंमतच बदलली. आता मी वाट बघतो, हे लोक घर सोडून चाललेत, कधी परत येणार? बहुतेक मोठ्या रचनांत शेवटी पहिल्या घरी परत येतातच. परत येण्याचा तो क्षण म्हणजे ख्यालात गायक लांबची तान घेऊन मुखडा पकडून समेवर येतो ना, तसा. आपली मान आपोआप हलते.

आता कॉफमनची अडचण लक्षात घ्या. त्याला एकाच सा वर उभा असलेला राग आणि सतत घर बदलणारं क्वार्टेट यांचं लग्न लावायचं होतं. घर बदललं तर राग मोडतो, न बदललं तर क्वार्टेट जागच्या जागी फिरतं. अकराव्या क्वार्टेटमध्ये मला जे ऐकू येतं ते असं, की तो घर बदलतो, पण जाताना अंगणातलं तुळशीवृंदावन बरोबर घेऊन जातो. जे माणूस स्वतः कार्ल्सबाद, बर्लिन, मुंबई, मग १९४६ नंतर लंडन, कॅनडा आणि अमेरिका अशी बिऱ्हाडं बदलत जगला, त्याला ही विद्या जमली यात नवल नाही. हे माझं मत, कुणा तज्ज्ञाचं नाही. तुम्ही ऐकून वाद घाला.

तिसरी गोष्ट शुद्ध इंजिनिअरिंगची. मीडियम वेव्हवर शेजारशेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे ऐकू येणारा आवाज साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वर पोचतच नाही. व्हायोलिनचे वरचे हार्मोनिक्स त्याच्या कितीतरी वर जातात. म्हणजे आपण ट्यून ऐकत होतो ती डोक्यावरून कापलेली. खालच्या बाजूला पाहा. चेलोची सर्वांत खालची तार साधारण ६५ हर्ट्झची. बाबांच्या दुकानातल्या तळहाताएवढ्या स्पीकरला ६५ हर्ट्झ काढणं शक्यच नाही. तरी खर्ज ऐकू येतो. कसा? ६५ च्या पटीतले १३०, १९५, २६० असे वरचे हार्मोनिक्स स्पीकर काढतो, आणि त्यांच्यातलं समान अंतर ओळखून मेंदू नसलेला ६५ स्वतः भरून टाकतो. शास्त्रात याला 'हरवलेला मूलस्वर' म्हणता येईल. म्हणजे मुरबाडच्या घरात जे ऐकू येत होतं त्यातलं अर्धं आकाशवाणीने पाठवलं होतं आणि उरलेलं ऐकणाऱ्याने घातलं होतं. मला हे फार आवडतं. ऐकणं हे नुसतं रिसीव्ह करणं नाही, त्यात आपलं पण काम असतं.

कॉफमनमुळे सवय लागली ती न ऐकलेल्यांना ऐकायची. बेथोव्हेन, मोझार्ट यांना आपली गरज नाही, त्यांच्यामागे अख्खं जग आहे. मग मी फिरत फिरत कुठे पोचलो असेन? स्वीडनला! म्हणाल, हे काय नवीन? पण स्वीडनला मी एका इंजिनिअरमुळे गेलो, तेव्हा हा परिच्छेद तुमच्या सिलॅबसमध्येच धरा.

कुर्ट आटरबेरी. जन्म १८८७. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९११ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. १९१२ पासून स्वीडनच्या पेटंट कार्यालयात नोकरी, ती १९६८ पर्यंत! दिवसा लोकांच्या मशिन्सचे नकाशे तपासायचे आणि उरलेल्या वेळात सिंफनी लिहायच्या. अशा नऊ लिहिल्या. १९२८ मध्ये शुबर्टच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली म्हणून कोलंबिया या ग्रामोफोन कंपनीने जागतिक स्पर्धा ठेवली. आधी म्हणे शुबर्टची अपूर्ण सिंफनी पूर्ण करा. त्यावर लोक चिडले, मग म्हणाले, बरं, स्वतःची नवी लिहा. (अपूर्ण सबमिशन दुसऱ्याकडून पूर्ण करून घेण्याची कल्पना तिकडेही होती, हे वाचून बरं वाटलं.) आटरबेरीच्या सहाव्या सिंफनीला पहिलं बक्षीस मिळालं, दहा हजार डॉलर. तेव्हापासून तिचं नाव 'डॉलर सिंफनी'. माणूस मात्र धुतल्या तांदळासारखा नव्हता. नाझी जर्मनीतल्या संगीताच्या कारभाऱ्यांशी त्याचे संबंध राहिले आणि युद्धानंतर त्याबद्दल त्याची चौकशीही झाली. ज्या सत्तेमुळे कॉफमनला घर सोडावं लागलं, तिच्याशी याचं जमत होतं. दोघांचं संगीत मी एकाच रात्री ऐकतो तेव्हा हे विसरत नाही. ऐकणं थांबवत नाही, पण विसरतही नाही.

त्याच्या आधीचा फ्रान्झ बेरवाल्ड (१७९६ ते १८६८). संगीतावर पोट भरेना म्हणून बर्लिनमध्ये हाडांचे विकार असलेल्यांसाठी उपचार केंद्र चालवलं, नंतर स्वीडनमध्ये काचेच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. १८४५ मध्ये त्याने 'सॅंफोनी सँग्युलिएर' लिहिली. ती पहिल्यांदा वाजली १९०५ मध्ये, साठ वर्षांनी, तो जाऊन सदतीस वर्षं झाल्यावर. त्यात त्याने संथ भागाच्या पोटात एक खेळकर द्रुत भाग लपवला आहे, डबा उघडावा आणि आत दुसरा डबा निघावा तसा. पहिल्यांदा सिंफनी ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं मी सांगेन, कारण लांबी बेताची आहे आणि कंटाळा यायच्या आत काहीतरी घडतं.

आणि मुलींच्या हॉस्टेलसाठी एल्फ्रिडा आंद्रे (१८४१ ते १९२९). स्वीडनमध्ये तारयंत्राचं काम शिकलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी बाईला मिळत नव्हती, कायदा बदलावा लागला. १८६७ मध्ये ती गोथेनबर्गच्या कॅथेड्रलची ऑर्गनवादक झाली आणि मरेपर्यंत ती जागा तिने सोडली नाही. तिचं ई मायनरमधलं पियानो क्विंटेट ऐका. पाच वाद्यांची चर्चा, आणि त्यात पियानो कुणाला बोलूच देत नाही असं आधी वाटतं. थोडं थांबा, मग कळतं की तो बाकीच्यांना बोलायला लावतोय.

यांपैकी कुणाचंही नाव मला शाळेत, कॉलेजात ऐकायला मिळालं नव्हतं. एकाचं पेटंट ऑफिस, दुसऱ्याची काचेची भट्टी, तिसरीचं तारयंत्र आणि चौथ्याचं मुंबई रेडिओ केंद्र. पोटाचा धंदा एकीकडे आणि हा नाद दुसरीकडे. आपल्यातल्या बहुतेकांचं पुढे हेच होणार आहे. कॅम्पसमधून मुरबाड एमआयडीसीत किंवा पुण्याला जाल, शिफ्ट कराल. त्यातून काहीतरी आपलं असं जपायचं असेल, तर ही चार माणसं ओळखीची असलेली बरी.

आता बाबांचं सांगून संपवतो. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तीन-चार वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. वयाने कान जातो तेव्हा आधी वरचे स्वर जातात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात, म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. बाबांचे कान आता मीडियम वेव्हसारखे झालेत. यंत्र घ्या म्हटलं की म्हणतात, "मी आयुष्यभर लोकांचे स्पीकर दुरुस्त केले, माझ्या कानात कुणी स्पीकर नको घालायला." चिडून आम्हीही मोठ्याने बोलतो, मग ते गप्प बसतात. हल्ली घरात बोलणंच कमी झालं होतं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बरोबर चांगले मोठे हेडफोन नेले होते. त्यांना ट्यूनबद्दल सांगितलं. कॉफमन, बोट, मुंबई, गुरुवार, सगळं, हळू आणि खालच्या पट्टीत. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यालाही घर सोडावं लागलं." त्यांनी स्वतःचं गाव सोळाव्या वर्षी सोडलं होतं, वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. हे मला माहीत होतं, पण ते यावर कधी बोलले नव्हते. मग मी अकरावं क्वार्टेट लावून हेडफोन त्यांच्या कानावर ठेवले. माझ्या मनात धाकधूक, यांना व्हायोलिन काय ऐकू येणार?

त्यांनी डोळे मिटले. पाचेक मिनिटांनी एक बाजू जरा सरकवून म्हणाले, "वरचं वाद्य लांब वाजतंय. पण खालचं जवळ आहे. अगदी इथे." आणि छातीवर हात ठेवला. चेलो! जो धरायला मला तीन महिने लागले, तो त्यांनी पहिल्याच खेपेला धरला, कारण त्यांच्याकडे तोच उरला होता. पूर्ण ऐकून झाल्यावर हेडफोन काढले, उलटसुलट करून बघितले, वायर तपासली आणि निकाल दिला, "पास." नंतर आईला म्हणाले, ते कानाचं यंत्र कुठे मिळतं ते विचार याला. आईने मला विचारलं. मी शेजारीच बसलो होतो, पण आमच्याकडे पद्धत तशी आहे. जानेवारीत यंत्र बसवलं. आता फोनवर 'सात' म्हटलं तर त्यांना 'सात' ऐकू येतं.

तर मित्रांनो, रात्री लॅबमध्ये मी जे काय लावून बसतो ते हे आहे. रेक्टर सरांची परवानगी घेतली आहे. येत्या गुरुवारपासून रात्री नऊ ते पावणेदहा, बॉइज हॉस्टेलच्या खालच्या टीव्ही रूममध्ये आपण दर आठवड्याला एक रचना ऐकणार आहोत. मुलींना आणि स्टाफलाही यायला परवानगी आहे. पहिल्या गुरुवारी आधी आकाशवाणीची ट्यून, मग कॉफमनचं अकरावं क्वार्टेट, दोनदा. पहिल्या खेपेला सगळ्यांनी फक्त चेलो ऐकायचा. मधे हायवेवरून ट्रक जातील, आसनगावकडून गाडीची शिट्टी येईल, त्याला इलाज नाही. झोप लागली तरी हरकत नाही, मलाही लागली होती. फक्त एका गुरुवारवर निकाल देऊ नका. कॉफमनने आपल्याला बारा वर्षं दिली होती.